कचरूचा धूर

कचरू गेला त्याला या माघात दोन वर्षं होतील. कुंभार पिंपळगावच्या शाळेतले एक शिक्षक गावातल्या माणसांविषयी पुस्तिका काढत आहेत. त्यांनी निरोप पाठवला, की तुम्ही कचरूबरोबर इतकी वर्षं नोकरी केली, तेव्हा चार पानं तुम्हीच लिहा. मी आयुष्यभर अंदाजपत्रकं आणि मोजमापं लिहिली. माणसाविषयी कधी लिहिलं नाही. पण मी नाही लिहिलं तर कचरूच्या फोटोखाली "मनमिळाऊ स्वभाव" एवढंच छापून येईल, आणि तो काही फारसा मनमिळाऊ नव्हता. म्हणून बसलो आहे.

कचरूचं काम काय, तर तो हेलिकॉप्टरसाठी धूर करायचा. हे ऐकून लोक हसतात, म्हणून जरा समजावून सांगतो.

एक्याऐंशी साली जालना जिल्हा वेगळा झाला आणि आमच्या भागात मंत्री, मोठे साहेब यांचं येणं वाढलं. पुढे ते हेलिकॉप्टरनं येऊ लागले. खेड्यात हेलिकॉप्टर उतरवायचं तर जागा आमच्या रस्त्यांच्या खात्यानं करून द्यायची. मी तेव्हा ओव्हरसियर होतो. परिपत्रकात सगळं लिहिलेलं असायचं: मुरूम टाकून दबाई केलेली सपाट जागा, चुन्याचं वर्तुळ, मध्ये इंग्रजी एच, धूळ बसवण्यासाठी पाणी, आणि एका बाजूला धूर. हेलिकॉप्टर वाऱ्याकडे तोंड करून उतरतं आणि तसंच उडतं. पाठीमागून अचानक वारा आला तर ते कलंडू शकतं. वैमानिकाला वारा डोळ्यांनी दिसत नाही, धूर दिसतो. मोठ्या विमानतळावर यासाठी खांबावर कापडाची लांब पिशवी फडकत असते आणि हवामान सांगणारी माणसं यंत्रं घेऊन बसलेली असतात. आमच्याकडे खांब नव्हता, पिशवी नव्हती आणि यंत्रंही नव्हती. कचरू होता.

तो कुंभार पिंपळगावचाच. जातीनं आणि कामानं कुंभार. रांजण, माठ, चुली करायचा. मग घरोघर प्लास्टिकच्या घागरी आल्या आणि त्र्याऐंशी साली तो आमच्या गँगमध्ये रोजंदारीवर बिगारी म्हणून लागला. बुटका, पायानं जरा फेंगडा, बोलताना माणसाकडे न बघता त्याच्या डोक्यावरच्या आभाळाकडे बघणारा. सुरुवातीला मला वाटायचं, हा मला टाळतो. नंतर कळलं की ती त्याची सवयच आहे. भट्टी लावायच्या आधी तीन-तीन दिवस वारा बघत बसायचं, आणि वारा फिरला तर रचलेली भट्टीसुद्धा तशीच ठेवायची, हे तो बापाकडून शिकला होता. पेटलेल्या भट्टीवर उलटा वारा आला की एका बाजूचा माल कच्चा राहतो आणि दुसऱ्या बाजूचा तडकतो.

त्याच्या धुराची रीत ठरलेली होती. खाली वाळक्या गोवऱ्या, त्यावर गाढवाची लीद, मग ओलसर भुसा आणि सगळ्यात वर कडुनिंबाचा हिरवा पाला. पांढराशुभ्र, दाट, सावकाश चालणारा धूर यायचा. आमच्या टँकरचा ड्रायव्हर लतीफ त्याला म्हणायचा, "कचरूभाऊ, एवढा खटाटोप कशाला? जुनं टायर पेटवून देऊ, जल्दी काम."

"टायरचा धूर उतावळा आसतो," कचरू म्हणायचा. "पेटला की सरळ वर पळतो. त्याला वाऱ्याचं काय कळतंय?"

"अन् तुमच्या गाढवाच्या लिदीला कळतं."

"गाढवाला तुझ्यापेक्षा जास्ती कळतं, लतीफ. पाऊस यायच्या आधी ते झाडाखाली जातं. तू टँकर धुवायला काढतो."

आमचं पहिलं हेलिपॅड चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात झालं, आणि ते फसलं. का फसलं ते सांगतो, कारण कचरूची खरी ओळख मला तिथं झाली.

परिपत्रकाप्रमाणे दोन टँकर पाणी जमिनीवर मारायचं होतं. लतीफनं टँकर आणून उभा केला. गावातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन वेशीपाशी उभ्या होत्या. आठ दिवसांनी एकदा पाणी येत होतं. कचरूनं टँकरच्या नळाला हात लावला आणि तसाच उभा राहिला.

"सायब, हे पाणी गावाला वाटून द्या," तो म्हणाला. "धुळीचं मी बघतो."

"काय बघतोस? परिपत्रकात पाणी लिहिलंय."

"परिपत्रकात धूळ उडू न्हाई आसं लिवलंय ना? मंग सारवतो. चार घागरीत काम होतं."

मला नाही म्हणता आलं नाही. टँकर गावात गेला. कचरूची बायको नंदाबाई आणि गँगमधल्या सहा जणींनी मुरमाची ती सगळी जागा शेणानं सारवून काढली. संध्याकाळपर्यंत ती अंगणासारखी घट्ट झाली. मी एच आखून घेतला, त्यात चुना भरला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तो वर्तुळात मोठं कमळ. पांढरी रांगोळी, मध्ये हळद-कुंकू, पाकळीला पाकळी लावून चाळीस हात रुंदीचं कमळ, आणि माझा एच त्या पाकळ्यांमध्ये कुठे तरी हरवलेला. नंदाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "सारवलेली जागा उघडी कशी ठिवायची, सायब? रांगोळीबिगर सारवण म्हंजे घरात मयत झाल्यावानी. अन् वरून तर पाव्हणे येऊन राह्यले."

पुसायला वेळ नव्हता. हेलिकॉप्टर आलं, एक फेरी मारली, दुसरी मारली, तिसरी मारली आणि शेजारच्या नांगरलेल्या रानात उतरलं. धुळीचा असा लोट उठला की मंडपाचं कापड फाटून बाभळीवर गेलं आणि सत्काराचे हार कुठे गेले ते कळलंच नाही. आमच्या उपअभियंत्यांना आम्ही रावसाहेब म्हणायचो. ते डोळ्यांतली धूळ चोळत मला शोधत होते.

वैमानिक खाली उतरून आमच्याकडे चालत आला. कॅप्टन कुरियन नावाचा, केरळकडचा, सैन्यातून निवृत्त झालेला उंच माणूस. त्यानं वाकून सारवणावर बोट घासून बघितलं.

"ये गोबर है?"

"जी सायब," कचरू म्हणाला.

"फूल किसने बनाया?"

कचरूनं नंदाबाईंकडे बोट उचललं, मग विचार बदलून ते स्वतःकडे वळवलं. "मैंनेच."

कुरियननं त्याच्याकडे आणि नंदाबाईंच्या रांगोळीनं भरलेल्या हातांकडे बघितलं. "अच्छा है. लेकिन ऊपर से मुझे एच नहीं दिखा. मैं समझा शादी का मंडप है." मग धुराच्या ढिगाकडे वळून म्हणाला, "धुआँ किसका है? ऐसा धुआँ मैंने नहीं देखा. तीनों चक्कर में हवा साफ दिखी."

परत निघताना त्यानं हेलिकॉप्टर सारवणावर आणून उभं केलं आणि तिथून ते वर गेलं. धुळीचा कण उडाला नाही. त्यानंतर आमच्या गँगला जिल्हाभर मागणी आली. नंदाबाईंशी तडजोड झाली ती अशी, की चुन्याचं वर्तुळ त्यांनी काढायचं, आणि वर्तुळाबाहेर एका कोपऱ्यात, वरून दिसणार नाहीत एवढी लक्ष्मीची दोन पावलं. मी ती कधी पाहिली नाहीत असं आमचं ठरलेलं होतं.

पुढच्या सात वर्षांत मी कचरूकडून जे शिकलो ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन वावटळी फिरतात, तेव्हा त्याचं म्हणणं असायचं की कार्यक्रम सकाळी घ्या. पावसाळ्यात ढग इतके खाली येतात की वैमानिकाला टेकडी आणि ढग यांतला फरक कळत नाही, आणि काळी माती तर वर दगडांचा थर दिला तरी चाक गिळते. हिवाळ्यात गोदावरीच्या बाजूला सकाळी धुई, म्हणजे दाट धुकं, पडते. ती उठायच्या आधी कोणी घाई केली तर कचरू म्हणायचा, "धुई म्हंजे काय, देवाचा धूर. त्याच्यापुढं माझा कुठं दिसायचा?" पण या सगळ्याला तो फारसा भ्यायचा नाही, कारण हे सगळ्यांना दिसतं. तो भ्यायचा दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांना, परतीच्या पावसाला.

"हे दिस लबाड," तो म्हणायचा. "सकाळी आभाळ धुतल्यावानी. दुपारी ऊन. अन् चार वाजता कुठून येईन, पत्ता न्हाई."

कुरियन पाच-सहा वेळा आला असेल. त्यानं स्वतःचा एक नियम केला होता. आमच्या भागात उतरला की कचरूचा धूर दिसल्याशिवाय तो इंजिन चालू करायचा नाही.

आता त्या दिवसाविषयी.

एक्याण्णव साल. दसरा होऊन चार दिवस झाले होते. कुंभार पिंपळगावलाच एका पुलाचं उद्घाटन होतं आणि तिथून मंत्र्यांना साडेचारला परभणीला सभेसाठी पोचायचं होतं. त्याच सुमारास आमच्या कचेरीतून अकरा नावांची एक यादी जायची होती. ज्यांची सलग पाच वर्षं रोजंदारी झाली त्यांना कायम करायचं होतं. कायम झालं की उद्यापासून येऊ नकोस असं कोणी म्हणू शकत नाही. यादीत कचरूचं नाव चौथं होतं. रावसाहेबांनी मला सांगितलं होतं, "एवढा कार्यक्रम नीट पार पडू दे, सोमवारी यादी पाठवतो." मी कचरूला सांगितलं. त्यानं आभाळाकडे बघून "बरं" म्हटलं, पण नंदाबाईंनी त्या दिवशी गँगमध्ये गूळ वाटला होता.

सकाळी अकराला हेलिकॉप्टर व्यवस्थित उतरलं. वारा पूर्वेकडून होता, धूर संथपणे पश्चिमेला जात होता. उद्घाटन झालं, भाषणं झाली, जेवणं झाली. तीन वाजता मी हेलिपॅडवर आलो तर कचरूनं नवा ढीग रचून ठेवला होता, पण पेटवला नव्हता. तो बाजूला उकिडवा बसून एका गोवरीच्या तुकड्यातून निघणारा चिलमीएवढा धूर बघत होता.

"सायब, इकडं या," तो म्हणाला. "हे बघा."

धूर थोडा सरळ वर जात होता आणि मग पूर्वेकडे वळत होता. सकाळच्या बरोबर उलट.

"वारा फिरला," मी म्हणालो.

"फिरला न्हाई. ओढला चाललाय." त्यानं मंडपाच्या पलीकडे, नदीच्या दिशेला हात केला. तिकडे एक पांढरा ढग होता, पिंजलेल्या कापसाच्या ढिगासारखा, वरून सपाट होत चाललेला. आमच्याकडे लख्ख ऊन होतं. "त्यो ढग दम घेऊन राह्यला. चारी बाजूचा वारा आत घेतो. एकदा का त्यानं दम सोडला, की मंग जे येईन ते माणसाला उभं ऱ्हाऊ देणार न्हाई. अन् परभणी त्याच बाजूला."

"मग काय करायचं?"

"थांबायचं. तासभर."

तेवढ्यात रावसाहेब आले. पाठीमागे तहसीलदार, त्यांच्यामागे गाड्या. "धूर कुठंय?" रावसाहेब म्हणाले. "साहेब निघालेत."

मी कचरूकडे बघितलं. तो उठला, आणि दोन पावलं चालून सरळ रचलेल्या ढिगावर जाऊन बसला.

"एक तास थांबा म्हणावं," तो म्हणाला.

"कुणाला म्हणावं? मंत्र्यांना?"

"ज्याला जायचंय त्याला."

"कचरू, ऊठ तिथून. वेड लागलं का तुला?"

"न्हाई उठत, रावसाहेब. मी धूर केला तर कॅप्टन त्याच्याकडं बघून उडंल. माझ्यावर भरवसा ठिवून उडंल."

रावसाहेबांनी काडीपेटी माझ्या हातात दिली. "तुम्ही पेटवा." मी काडीपेटी घेतली. त्या वेळचं माझं मला नीट आठवतं. मी ढिगाशी गेलो आणि उभा राहिलो. ढिगावर माणूस बसलेला असताना तो पेटवायचा कसा, हा एक प्रश्न होता, पण खरं म्हणजे मीही धूर पूर्वेकडे वळताना पाहिला होता. कचरू ढिगावर बसलेला नसता तर मी काडी ओढली असती का, हे मला आजही सांगता येत नाही. मी ओढली नाही आणि ओढणार नाही असंही म्हणालो नाही. लतीफ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सायब, काडीपेटी मला द्या. मी बिडी पेटवतो म्हणून संपवून टाकतो सगळ्या काड्या."

तेवढ्यात कुरियन लांब टांगा टाकत आला. सगळे धूर-धूर करत आहेत आणि धूर नाही, हे त्यानं बघितलं होतं.

"कचरू, क्या हुआ?"

"सायब, दिखाता हूँ," कचरू म्हणाला आणि ढिगावरून उठला. त्यानं तोच गोवरीचा तुकडा कुरियनच्या पायाशी ठेवून त्यावर फुंकर घातली. छोटासा धूर उठला, पूर्वेकडे वळला आणि आमच्या देखतच थबकला. मग गोवरीभोवती जमिनीवर लोळायला लागला. वाऱ्याची झुळूकही नव्हती. मंडपाच्या पताका खाली लोंबत होत्या.

कुरियननं टोपी काढली. नदीकडच्या ढगाकडे बराच वेळ बघितलं. मग तो मंत्र्यांच्या गाडीकडे गेला. तिथं काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. मंत्री दोनदा घड्याळ बघताना दिसले. पंधरा मिनिटांनी गाड्यांची रांग वळली आणि रस्त्यानं परभणीकडे निघून गेली. हेलिकॉप्टर तिथंच राहिलं.

आता इथं मला असं लिहायला आवडलं असतं, की नंतर गारा पडल्या, झाडं मोडली आणि सगळ्यांनी कचरूचे पाय धरले. तसं काही झालं नाही. चार वाजता जरा गार वारा आला, मंडपाचं एक टोक उडालं आणि थेंबभरही पाऊस पडला नाही. पाच वाजता ऊन पिवळं झालं, ढग विरून गेला. पोरं हेलिकॉप्टरभोवती पकडापकडी खेळत होती. नदीपलीकडे काय झालं, पाऊस पडला की नाही, वर आभाळात काय होतं, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

"कचरूभाऊ," लतीफ म्हणाला, "तुमचा ढग घरी गेला वाटतं."

"जाऊ दे," कचरू म्हणाला. "त्याला बी लेकरंबाळं आसतील."

पण त्याचा चेहरा उतरला होता. मंत्री उशिरा पोचले, तोपर्यंत सभेचे लोक उठून गेले होते, हे रात्रीच्या आत सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोडी धुई होती. ती उठेपर्यंत कुरियन आमच्याबरोबर चहा पीत बसला. कचरू त्याच्याकडे बघत नव्हता, आणि या वेळी आभाळाकडेही बघत नव्हता.

"सायब, बारिश आया नहीं," शेवटी तो म्हणाला.

"नहीं आया," कुरियन म्हणाला. "तो?"

"लोग हँसते."

"कचरू, मैं तीस साल से उड़ता हूँ. जितनी बार रुका, लोग हँसे. जो नहीं रुके, उनके ऊपर कोई नहीं हँसा. मैं उनके घर जाके आया हूँ." त्यानं कप खाली ठेवला. "अब धुआँ करो. मुझे जाना है."

कचरूनं धूर केला. तो सरळ पश्चिमेला गेला आणि हेलिकॉप्टर पूर्वेकडे तोंड करून वर उठलं.

सोमवारी रावसाहेबांनी मला बोलावलं. वरून विचारणा आली होती, की धूर वेळेवर का झाला नाही. लेखी खुलासा आणि त्यासोबत बिगाऱ्याचा जबाब पाहिजे होता. रावसाहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "दोन ओळी लिहा. त्याचं नुकसान होणार नाही अशा लिहा. यादी मी दुपारपर्यंत थांबवतो."

मी लिहिलं: आदल्या रात्रीच्या दवामुळे जळण ओलसर झाल्याने धूर होऊ शकला नाही. सदर बिगाऱ्याचा त्यात दोष नाही. मला वाटलं, छान जमलं. कचरूला बोलावून वाचून दाखवलं आणि सहीसाठी पेन पुढे केलं. त्याला सहीपुरतं लिहिता यायचं.

"पुन्हा वाचा," तो म्हणाला.

मी पुन्हा वाचलं.

"म्हंजे मला पेटवता आलं न्हाई?"

"तसं नाही रे. दवामुळं."

"कुंभाराच्या घरात जल्मलो मी, सायब. भर पावसात बापानं भट्टी इझू दिली न्हाई. अन् कागदावर काय, तर कचरूच्या गोवऱ्या वल्या."

"अरे, कागदच आहे तो. यादी जायचीय दुपारी."

"जाऊ द्या ना."

"हे नाही दिलं तर तुझं नाव काढतील."

तो खाली बसला. "नंदा मारंल मला," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "सायब, एक सांगू का? पुढच्या टायमाला मी म्हणलं थांबा, तर कोणीबी म्हणंल, ह्याच्या गोवऱ्या वल्या आसतेत, लागू नका त्याच्या नादी. मंग माझ्या धुरावर कोण उडंल? उडू बी नये. त्यापेक्षा झालं ते लिवा."

"काय झालं ते?"

"धूर मागितला. मी दिला न्हाई. वारा फिरला होता."

मी पहिला कागद फाडला आणि त्यानं सांगितलं तसं लिहिलं. त्यानं सही केली. एकेक अक्षर दाबून, बोटं पांढरी होईपर्यंत. तो गेल्यावर मी त्याखाली माझी एक ओळ घातली, की मी त्या वेळी हजर होतो आणि वारा फिरल्याचे मीही पाहिले. हे तिथं, काडीपेटी हातात असताना, तोंडानं म्हणायला हवं होतं.

दुपारी यादी गेली. तिच्यात दहा नावं होती.

नंदाबाई त्याच्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी मला रस्त्यात गाठून म्हणाल्या, "सायब, तुमी तरी समजावायचं. ह्या माणसाला माती कळती, वारा कळतो, संसार कळत न्हाई." मग जाता जाता थांबल्या. त्या म्हणाल्या, "न्हाई, कळतो बी. पण जल्दी कळत न्हाई." आणि हसून निघून गेल्या. त्यानंतर चार वर्षं कचरू रोजंदारीवरच राहिला. दोनदा त्याला काम नाही म्हणून घरी बसवलं. त्याच्या मागून लागलेली माणसं कायम होऊन त्याला हुकूम सोडायला लागली, तेव्हा तो त्यांचं ऐकायचा. पण हेलिकॉप्टर यायचं ठरलं की जीप त्याच्या दारात जायची. कुरियन उतरल्याबरोबर पहिल्यांदा विचारायचा, "कचरू है?" त्या चार वर्षांत कचरूनं आणखी दोनदा हात वर केला. एकदा वावटळीसाठी, एकदा ढगांसाठी. दोन्ही वेळा त्याला कोणी कारण विचारलं नाही. रावसाहेबांनीसुद्धा नाही. खुर्च्या सावलीत ओढून सगळे बसून राहिले.

पंचाण्णव साली त्याचा कायम झाल्याचा हुकूम आला. त्या दिवशी तो राजूरला होता. गणपतीच्या दर्शनाला कोणी मोठे पाहुणे येणार होते आणि गँग हेलिपॅड करत होती. मी मोटारसायकलवर हुकूम घेऊन गेलो. तो गुडघे टेकून सारवत होता, दोन्ही हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. नंदाबाई पलीकडे चुना चाळत होत्या.

"कचरू, आला तुझा कागद," मी म्हणालो.

"हात भरलेत. वाचा तुमीच."

मी वाचला. नंदाबाई चाळणी ठेवून जवळ आल्या आणि वाचून होईपर्यंत पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. कचरूनं हुकमाची तारीख पुन्हा विचारली, नाव बरोबर आहे का विचारलं. मी हो म्हणालो. मग मला कचेरीतल्या बडेबाबूंचा, म्हणजे हेडक्लार्कचा, निरोप आठवला. आता माणूस कायम झाला, तर एक्याण्णवचा तो जबाब फायलीत कशाला ठेवायचा, त्याला पाहिजे असेल तर काढून टाकतो, असं ते म्हणाले होते. मी तसं सांगितलं.

कचरूनं मान वर केली. आभाळाकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"फायलीत हाय अजून?"

"आहे."

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, आणि सारवायला लागला.